आर.आय.पी. नावाचं प्रथिन

चेरीवूडला आमच्याच मजल्यावर सत्तरी ओलांडलेल्या एक आयरिश बाई राहतात. रोज सकाळी चहाचा पहिला मग संपला की त्या चष्मा लावून फोनवर आरआयपी डॉट आयई उघडतात. आयर्लंडमध्ये चार महिने जरी काढले असतील, तरी ही वेबसाइट तुम्हाला ठाऊक असणारच. कोण गेलं, घरी भेटायला कधी जायचं, चर्च कुठलं, दफन कुठे, सगळं त्यावर असतं. आपल्याकडे सकाळी पेपर आला की आधी निधनवार्तांचं पान उघडणारे आजोबा असतात ना, अगदी तसंच. लिफ्टमध्ये भेटल्या की त्या सांगतात, “आज ब्रेमधले दोघं गेले, ओळखीचं कोणी नाही,” आणि सुटल्यासारख्या हसतात.

म्हणून ही तीन अक्षरं मला एका प्रथिनाच्या नावात दिसली, तेव्हा पहिल्यांदा त्यांचीच आठवण झाली. आज त्या प्रथिनाला आरआयपीके-१ म्हणतात. सुरुवातीचं नाव नुसतं ‘रिप’. १९९५ साली बोस्टनमधले काही शास्त्रज्ञ ‘फास’ नावाच्या एका ग्राहीला, म्हणजे पेशीच्या दारावर बसून बाहेरचे निरोप घेणाऱ्या रेणूला, आतल्या बाजूनं कोण कोण येऊन चिकटतं ते शोधत होते. शोधताना हे नवं प्रथिन सापडलं. ते पेशीत जास्त प्रमाणात तयार करवलं की पेशी मरायची. ‘ग्राहीशी संबंध ठेवणारं प्रथिन’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं घेतली, तर नेमकी थडग्यावर लिहितात ती तीन अक्षरं तयार झाली. शास्त्रज्ञ असली संधी सोडत नाहीत.

आता या प्रथिनाची मला एवढी चौकशी कशाला, ते सांगते. मी बी.फार्म. झालेली, औषध कंपन्यांची कागदपत्रं तपासणं हे माझं काम. पेशींच्या मरणाशी माझा कामापुरताही संबंध नव्हता. संबंध आला तो माझ्या हातांमुळे.

तीन हिवाळ्यांपूर्वी सकाळी उठल्यावर माझी मूठ मिटेनाशी झाली. आधी वाटलं थंडी असेल. मग पोळ्या लाटता येईनात, मग डब्यांची झाकणं मुलाकडून उघडून घ्यायला लागले, आणि एके दिवशी लुआसच्या स्टॉपवर पाकिटातून लीप कार्ड काढता येईना म्हणून मी थंडीत रडले. जीपी, रक्ताच्या तपासण्या, मग तज्ज्ञांची वेळ मिळेपर्यंतची लांबलचक वाट, हे तुम्ही सगळ्यांनी या ना त्या दुखण्यासाठी अनुभवलेलं आहे, त्यावर मी जागा घालवत नाही. निदान झालं ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आपला आमवात म्हणा. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट सुरू झालं. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, आता टीएनएफ अडवणारं इंजेक्शन देऊ.

त्या औषधाआधी नर्सनं एक छापील यादी काढली आणि एकेक प्रश्न विचारत गेली. त्यातला एक प्रश्न: घरात कोणाला कधी क्षयरोग झाला होता का? मी म्हटलं, नाही. अगदी सहज, खात्रीनं म्हटलं.

रक्ताची तपासणी मात्र तरीही करायची पद्धत आहे. भारतात वाढलेल्या आपल्या सगळ्यांच्या दंडावर बीसीजीचा वण असतो आणि त्या लसीमुळे कातडीवरची जुनी चाचणी फसते. रक्ताची चाचणी बीसीजीला फसत नाही. तिचा निकाल आला: पॉझिटिव्ह. छातीचा एक्स-रे स्वच्छ, खोकला नाही, ताप नाही. म्हणजे रोग नव्हता, जंतू होते. कधीतरी आत शिरलेले आणि तेव्हापासून झोपून राहिलेले. अशा झोपलेल्या क्षयाची भारतात काही नवलाई नाही. मोठ्या माणसांतल्या साधारण दर तिघांपैकी एकाच्या शरीरात तो असल्याचं अलीकडच्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं. त्यातल्या बहुतेकांना तो आयुष्यभर त्रास देत नाही, आणि झोपलेला असेपर्यंत तो दुसऱ्याला लागतही नाही.

त्या संध्याकाळी मी आईला फोन केला.

“आई, आपल्या घरात कोणाला टीबी झाला होता का गं?”

पलीकडे शांतता. मग, “कोण विचारतंय?”

“डॉक्टर विचारतायत.”

“तिकडचे?” आई म्हणाली. जणू इकडच्या डॉक्टरांना सांगितलं तर गावात बभ्रा होणार नव्हता, एवढी खात्री करून घेतल्यावर ती बोलायला लागली. “तुझ्या मोठ्या आत्याला होता. झाली त्याला चाळीस वर्षं. औषधांनी बरी झाली की ती. पण धाकटीचं लग्न व्हायचं होतं ना गं, म्हणून कुठे बोललो नाही. दमा आहे म्हणून सांगायचो.”

सांगलीजवळच्या आमच्या घरात आत्याला दमा होता हे मला पक्कं आठवत होतं. तिची वेगळी ताटली होती, काठाला टोचून काढलेलं फूल असलेली. वेगळा तांब्या-भांडं होतं. ती सोवळं-ओवळं फार पाळते म्हणून असेल, असं मी लहानपणी समजत होते. क्षय ताटलीतून पसरत नाही. तो हवेतून पसरतो, खोकल्याबरोबर उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांतून. ताटली काटेकोरपणे वेगळी ठेवली गेली, आणि मी रोज दुपारी आत्याच्या खोलीत, खिडकी लावून, तिच्या कुशीत गोष्ट ऐकत झोपत होते. हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही, कारण ज्याचं नावच घरात घ्यायचं नाही त्याबद्दल डॉक्टरांना विचारणार कोण?

तर प्रश्न असा, की हात दुखण्याच्या औषधाचा आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या दुपारच्या झोपेचा काय संबंध?

संबंध टीएनएफ या रेणूतून येतो. पेशींना धोक्याची वर्दी देणारा हा निरोप्या. जंतू शिरले की तो गावभर ओरडत सुटतो. आमवातात तो कारण नसताना ओरडत राहतो आणि सांधे सुजतात. त्याला आवरणारी औषधं १९९८पासून बाजारात आली आणि लोकांच्या आयुष्यात खरोखर क्रांती झाली, यात शंका नाही. त्यांतलं एक, एटानर्सेप्ट, इथे डब्लिनच्या पश्चिमेला क्लोंडाल्किनजवळ ग्रेंज कॅसलच्या कारखान्यात तयार होत आलेलं आहे. आपल्यापैकी किती जण त्या बाजूला नोकरीला आहेत, ते मंडळाच्या गणपतीच्या पार्किंगमध्ये ओळखपत्रांच्या दोऱ्या बघितल्या की कळतं.

पण हाच टीएनएफ क्षयाच्या जंतूंना कोंडूनही ठेवतो. फुप्फुसातल्या भक्षक पेशी जंतू गिळतात, पण पचवू शकत नाहीत. मग त्यांच्याभोवती आणखी पेशी जमून एक गाठ तयार होते, भिंत घातल्यासारखी. ती भिंत टिकून राहायला टीएनएफ लागतो. तोच काढून घेतला तर?

या प्रश्नाचं उत्तर ऑक्टोबर २००१मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधल्या एका लेखानं दिलं. इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ अडवणारं औषध घेतलेल्या ७० रुग्णांना क्षय झाल्याच्या नोंदी त्यात गोळा केल्या होत्या. औषध सुरू केल्यापासून रोग उमटेपर्यंतचा मधला काळ साधारण १२ आठवडे. ७०पैकी ४० जणांचा क्षय फुप्फुसाबाहेर पसरलेला होता, म्हणजे भिंत खरंच फुटली होती. आणि त्यातले बहुतेक सगळे क्षय फारसा नसलेल्या देशांतले. या लेखाचे पहिले लेखक जोसेफ कीन. तेव्हा ते बोस्टनमध्ये होते, पुढे डब्लिनला सेंट जेम्सेस हॉस्पिटल आणि ट्रिनिटी कॉलेजात प्राध्यापक झाले. नर्सच्या हातातल्या यादीत तो प्रश्न का होता, आणि माझ्या ‘नाही’वर विश्वास न ठेवता रक्त का काढलं गेलं, याचं मूळ अशा नोंदींमध्ये आहे. चेरीवूडहून ग्रीन लाइननं गावात जाऊन रेड लाइन पकडली की जेम्सेस हा स्टॉप येतो. त्यावरून मी कितीतरी वेळा गेले आहे, नुसती खिडकीबाहेर बघत.

कीन यांचं त्याआधीचं काम वाचताना मी या लेखाच्या नायकाजवळ पोचले. नव्वदीच्या दशकात ते आणि त्यांचे सहकारी एक गोष्ट तपासत होते: क्षयाचा जंतू गिळल्यावर माणसाच्या फुप्फुसातली भक्षक पेशी स्वतःहून मरते का? मरते. आणि २०००च्या सुमारास त्यांना असं दिसलं, की जंतूच्या ज्या जाती जास्त घातक, त्या हे मरण टाळतात. पेशी नीट मेली तर जंतूचं घर जातं. जंतूला ते नको असतं.

‘नीट मेली’ हे शब्द मी मुद्दाम वापरले. पेशींच्या मरणाचे प्रकार आहेत. एका प्रकारात पेशी आवरासावर करून, स्वतःचे तुकडे पुडीत बांधून, शेजाऱ्यांना त्रास न देता जाते. झाडावरून पान गळावं तसं. १९७२मध्ये स्कॉटलंडमध्ये या प्रकाराला नाव दिलं गेलं, तेही पानगळीच्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून: अपॉप्टोसिस. दुसऱ्या प्रकारात पेशी फुगून फुटते आणि आतलं सगळं बाहेर उधळतं. शेजारच्या पेशी घाबरतात, आणखी टीएनएफ सुटतो, आणखी सूज. निरांजन शांत होणं आणि लक्ष्मी तोटा फुटणं यांत जेवढा फरक, तेवढा. (तोटा इथे परवान्याशिवाय बाळगणंही बेकायदा आहे, हे नव्यानं आलेल्या मंडळींना जाता जाता सांगून ठेवते. हॅलोविनला कानावर येतात ते आवाज कायद्याचे नव्हेत.)

पेशीनं जगायचं, शांतपणे मरायचं, की फुटायचं, या तीन वाटा जिथे फुटतात त्या नाक्यावर आर.आय.पी. उभा असतो.

त्याचं शरीर ६७१ अमिनो आम्लांचं. त्याच्या एका टोकाला कायनेजचं काम करणारा भाग आहे. कायनेज म्हणजे दुसऱ्या प्रथिनांना, कधी स्वतःलाही, फॉस्फेटची टिकली लावणारं प्रथिन. टिकली लागली की प्रथिनाचं वागणं बदलतं. माणसात अशी पाचशेहून जास्त कायनेज आहेत. दुसऱ्या टोकाला जो भाग आहे त्याला शास्त्रज्ञांनी मृत्यूचाच भाग असं नाव दिलं आहे. त्या टोकानं तो ग्राहीला आणि मरणाच्या कामातल्या इतर प्रथिनांना जोडला जातो.

टीएनएफ येऊन दारावरच्या ग्राहीला बसला की आर.आय.पी. आतून तिथे धावतो. मग इतर प्रथिनं त्याच्या अंगावर युबिक्विटिन नावाच्या छोट्या रेणूंच्या माळा घालतात. गळ्यात हार पडलेल्या पाहुण्याला जागेवरून हलता येत नाही, तसं त्याचं होतं. तो तिथेच उभा राहतो, त्या माळांना धरून बाकीची यंत्रणा जमते, पेशीच्या केंद्रात ‘जगा, लढा’ असा हुकूम जातो. टीएनएफ आला म्हणून सहसा पेशी मरत नाही, ती याच हारांमुळे.

हार पडले नाहीत, किंवा कोणी कापून टाकले, की आर.आय.पी. जागा सोडतो आणि पेशीत आत जाऊन दुसरी टोळी जमवतो. तिथे त्याला कॅस्पेज-८ नावाचं कापणारं प्रथिन भेटलं तर पान गळतं. कॅस्पेज-८ला कोणी रोखून धरलेलं असेल, काही विषाणू तेच करतात, तर आर.आय.पी. आपल्या भावाला, आरआयपीके-३ला, बोलावतो. दोघे मिळून एमएलकेएल नावाच्या प्रथिनाला जागं करतात आणि ते पेशीच्या आवरणालाच भोकं पाडतं. तोटा फुटतो.

मला हे समजायला वेळ लागला, कारण मी सारखी विचारत होते, की हा रेणू चांगला की वाईट? गणपतीच्या सजावटीला हॉलमध्ये शिडी धरून उभा राहणारा कार्यकर्ता असतो. तो हलला तर वरचा पडतो. आणि कात्रीही त्याच्याच खिशात असते. आर.आय.पी.ची दोन कामं अशी आहेत: शिडी धरणं आणि कात्री चालवणं. १९९८मध्ये हे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले गेले. ते जन्मले आणि तीन दिवसांच्या आत मेले. शिडीच गेली. पुढे वेगळे उंदीर तयार केले, ज्यांच्यात आर.आय.पी. जागेवर आहे पण त्याचा टिकली लावणारा भाग बोथट केलेला आहे. ते धडधाकट जगले.

ही गोष्ट कळल्यावर औषधं शोधणाऱ्यांचे डोळे चमकले नसते तरच नवल. टीएनएफ पूर्ण अडवला तर भिंत ढासळते. पण टीएनएफला राहू दिलं आणि फक्त ही कात्री बोथट केली तर? हार्वर्डमध्ये जुनयिंग युआन यांच्या गटानं २००५मध्ये नेक्रोस्टॅटिन नावाचा एक छोटा रेणू जाहीर केला होता, पेशींचं फुटणं थांबवणारा. तो नेमका कोणाला पकडतो हे २००८मध्ये कळलं: आर.आय.पी.च्याच कायनेजला.

त्यानंतर मोठमोठ्या कंपन्यांनी तसले रेणू घडवून माणसांवर चाचण्या केल्या. सोरायसिस, आमवात, मोठ्या आतड्याचा दाह. औषध बहुतेकांना सोसलं, पण दुखण्यात लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. चेतातंतूंच्या एएलएस या रोगावरची एक चाचणी २०२४मध्ये अशीच निराशेत संपली. मी हे लिहितेय तोवर आर.आय.पी.वरचं एकही औषध दुकानात आलेलं नाही. उंदरात चाललं म्हणून माणसात चालतंच असं नाही, हे औषध व्यवसायात आम्ही रोज बघतो, तरी प्रत्येक वेळी जीव हळहळतो. यावेळी तर मी रुग्णाच्या खुर्चीत बसून वाचत होते.

क्षयाच्या बाजूनंही एक सुंदर काम आहे, आणि ते करणाऱ्या ललिता रामकृष्णन यांचं एमबीबीएस आपल्या बडोद्याचं. आता त्या केंब्रिजला असतात. काचेसारख्या पारदर्शक झेब्राफिश माशांच्या पिल्लांना त्या क्षयाच्याच एका चुलत जंतूची लागण करतात. मग जिवंत पिल्लाच्या आत भक्षक पेशी जंतूचं काय करते, ते सूक्ष्मदर्शकाखाली सरळ बघता येतं. २०१३मध्ये त्यांच्या गटानं दाखवलं, की टीएनएफ कमी पडला तर जंतू पेशीच्या आत माजतो, आणि टीएनएफ अति झाला तर आरआयपीके-१ आणि आरआयपीके-३ यांच्यामार्फत पेशीचा वीजकारखाना, म्हणजे मायटोकाँड्रिया, बेफाम होऊन पेशी फुटते. जंतू बाहेर सांडतो आणि मोकळ्यावर आणखी वाढतो. कमीही वाईट, जास्तही वाईट. क्षयाच्या उंदरांवर इतरांनी जे प्रयोग केले त्यांत मात्र हे चित्र इतकं ठसठशीत उमटलं नाही, त्यामुळे माणसात नेमकं किती हे या वाटेनं होतं यावर अजून वाद आहे. मला स्वतःला मासे जास्त पटतात, पण ते पटणं आत्याच्या मायेपोटी असेल.

माणसातली खरी साक्ष मिळाली ती अगदी थोड्या, दुर्दैवी घरांतून. २०१८मध्ये तीन कुटुंबांतल्या चार मुलांची हकिगत प्रसिद्ध झाली. त्यांच्या शरीरात आर.आय.पी. मुळीच नव्हता. वारंवार विषाणू, जिवाणू, बुरशी यांची लागण, आणि त्याच वेळी आतड्यांना आणि सांध्यांना सूज. प्रतिकारशक्ती एकाच वेळी कमी आणि जास्त. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते वाक्य तीनदा वाचलं. त्यांतल्या एकाला मूळ पेशींचं रोपण केल्यावर आराम पडला. पुढच्या वर्षी याच्या उलट घरं सापडली. त्यांच्यात आर.आय.पी. होता, पण एका अक्षराच्या बदलामुळे कॅस्पेज-८ला तो कापता येत नव्हता. एरवी कॅस्पेज-८ त्याला वेळोवेळी कापून ताब्यात ठेवतं. या घरांतल्या माणसांना लहानपणापासून पुन्हापुन्हा ताप यायचा आणि गाठी सुजायच्या. पिढ्यान् पिढ्या ‘आमच्याकडे असंच असतं’ म्हणत काढलेल्या तापाला तेव्हा कुठे नाव मिळालं.

नाव मिळणं यावरून पुन्हा शेजारच्या बाईंकडे येते. रिफॅम्पिसिनचा चार महिन्यांचा कोर्स मला सांगितला होता, झोपलेले जंतू मारायला. पहिला महिना झाल्यावर सांध्यांचं इंजेक्शन सुरू करायचं ठरलं. एका शनिवारी आम्ही दोघी टली चर्चच्या पडक्या भिंतींपर्यंत चालायला गेलो होतो. बोलता बोलता मी त्यांना सांगून टाकलं. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “माझी मावशी नाजूक होती.” मला कळेना. मग त्यांनी सांगितलं, की त्यांच्या लहानपणी क्षय हा शब्द कोणी उच्चारत नसे, ‘नाजूक प्रकृतीची’ म्हणत. मावशी विकलोच्या न्यूकॅसल सॅनिटोरियममध्ये होती आणि मुलांना सांगितलं होतं की ती इंग्लंडला नोकरीला गेली आहे.

त्या सॅनिटोरियममध्ये काम केलेला एक तरुण डॉक्टर पुढे आयर्लंडचा आरोग्यमंत्री झाला: नोएल ब्राऊन. त्यांचे आईवडील दोघंही क्षयानं गेले आणि त्यांना स्वतःलाही तो झाला होता. १९४८मध्ये डॉलमध्ये पाऊल ठेवलं त्याच दिवशी ते मंत्री झाले, वय ३२. लॉटरीतून जमलेला इस्पितळांचा निधी त्यांनी क्षयाच्या खाटा वाढवायला वापरला. नेमकी त्याच सुमाराला स्ट्रेप्टोमायसिनसारखी औषधं आली. त्याच्याही आधी, १९३७मध्ये, डोरोथी प्राइस या बालरोगतज्ज्ञ बाईंनी डब्लिनच्या सेंट अल्टन्स हॉस्पिटलात बीसीजी आणली होती. आपल्याकडे शाळेत आनंदीबाई जोशींचा धडा असायचा. पहिली डॉक्टर बाई, अमेरिकेतून परत आली आणि २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात वारली, वय अवघं २१. कशानं वारली हे बाई वर्गात सांगत, पण त्या शब्दावर त्यांचा आवाज खाली जाई, हे मला अजून आठवतं.

आणि मी स्वतः? मंडळाच्या कोजागरीला मला कोणीतरी वाईन पुढे केली, मी नको म्हटलं, तर कारण विचारलं गेलं. रिफॅम्पिसिन चालू होतं, जोडीला मेथोट्रेक्सेट, दोन्हींचा भार यकृतावर, दर महिन्याला रक्त तपासणं चालू होतं. मी म्हटलं, “हातांच्या गोळ्या चालू आहेत.” एवढंच. लघवी केशरी होते, अश्रूसुद्धा केशरी होतात आणि कॉन्टॅक्ट लेन्स कायमच्या रंगतात, हे सगळं मी घरच्या घरात ठेवलं. माझ्यापासून कोणाला काहीही होणार नव्हतं, हे मला पुस्तकांसकट माहीत होतं. तरी माझ्या मुलाला लोक खेळायला बोलावणार नाहीत, ही भीती आधी आली. सासूबाईंनी फोनवर विचारलं, “त्याचं ताट वेगळं ठेवतेस ना गं?” मी त्यांच्यावर रागावले, आणि मग लक्षात आलं, की कोजागरीला मीही तेच केलं होतं, फक्त ताटाशिवाय.

चार महिने संपले. इंजेक्शन सुरू होऊन आता दीड वर्ष झालं. मूठ मिटते. या वर्षी चकल्या मीच पाडल्या, सोऱ्या फिरवायला मात्र नवरा होता.

गेल्या महिन्यात आईचा फोन आला. पुण्यातल्या माझ्या मावसभावाला सोरायसिससाठी असलंच काहीतरी इंजेक्शन सुरू करणार आहेत, हे तिला कुठूनसं कळलं होतं. ती म्हणाली, “ती तुझी रक्ताची तपासणी कसली ती? नाव सांग, लिहून घेते. त्याला आधी करायला सांगते. आणि आत्याचं पण सांगते त्याला. तोही दुपारी तिच्याकडेच असायचा.”

मी नाव सांगितलं. आईनं एकेक अक्षर विचारत लिहून घेतलं आणि पुन्हा वाचून दाखवलं.